गार्डकाका आणि न पडलेला बर्फ

मालगाडी आली, की गार्डकाका इंजिनाकडे पाठ करून उभे राहायचे.

वॉटरफोर्डला आमच्या घराजवळ नदीकाठच्या रुळांवर एक लोखंडी पादचारी पूल आहे. गाड्यांचे हौशी फोटोवाले मी तिथे पुष्कळ पाहिलेत. ते सगळे इंजिनावर जीव टाकतात. इंजिन दिसलं की लहान मुलासारखे टाचा उंचावतात. काका मात्र पुलाच्या उलट्या बाजूच्या कठड्याला छाती टेकून उभे. पायाखालून डबे धडधडत जात असताना तोंडातल्या तोंडात मोजायचे. शेवटचा डबा पुलाखालून बाहेर पडला, की खट्. एकच फोटो, तोही गाडीच्या पाठीचा. शेपटीला लटकणारा लाल दिवा त्यात आलाय याची खात्री केली, की "गेली पूर्ण," म्हणायचे आणि फोन काखेत ठेवून द्यायचे. हो, काखेत. सांगतो.

पहिल्यांदा भेटले ते दोन हजार वीसच्या डिसेंबरात. मी सकाळी चालायला निघालेलो. पुलावर माकडटोपी घातलेली एक पाठमोरी आकृती, आणि त्या आयरिश धुक्यात कानावर काय पडावं? "सोळा, सतरा, अठरा." अस्सल मराठीत! मी आनंदानं ओरडलो, "अहो काका, इंजिन निसटलं की तुमचं!"

त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. "इंजिन कुठं जातंय? त्याला ड्रायव्हर आहे. मागं कोण आहे ते सांगा, भाऊ."

मागे कोणीच नव्हतं. हेच त्यांचं दुःख होतं.

काका भुसावळचे. बत्तीस वर्षं मालगाडीचे गार्ड. त्यांची मुलगी वैशाली इथल्या इस्पितळातल्या प्रयोगशाळेत काम करते, आमच्या मराठी मंडळातली. तिच्याकडे ते तीन महिन्यांसाठी म्हणून त्या वर्षीच्या फेब्रुवारीत आले, मार्चात विमानं बंद झाली, आणि काका इथेच अडकले. पहिल्याच आठवड्यात अंथरुणात पडल्यापडल्या त्यांनी लेकीला सांगितलं होतं, "वैशू, तुमच्याकडं मालगाडी आहे. अठरा डब्यांची. भरून येते, लाकडं असावीत." वैशाली त्या घरात चार वर्षं राहत होती. तिला रेल्वे आहे एवढंही धड माहीत नव्हतं. लाकडंच होती, पश्चिमेकडच्या जंगलातून येणारी. दुसरी गाडी कंटेनरची, बंदराकडे जाणारी. आठवड्यातून चार-पाच गाड्या, त्यांचे वार आणि वेळा काकांनी महिन्याभरात पाठ करून टाकल्या.

"आमच्याकडं शेवटच्या डब्यात माणूस असतो," ते मला समजावून सांगत. "वळण आलं, की ड्रायव्हर खिडकीतून मागं बघतो. गार्ड हिरवी झेंडी दाखवतो. म्हणजे काय? तर बाबा रे, तुझ्यामागं गाडी पूर्ण आहे, मधेच तुटून राहिली नाही, जा पुढं. ड्रायव्हरनं हात केला की दोघं निवांत. इथं पाहून राहिलो तर मागं नुसता दिवा लटकवलेला!"

"पण काका, दिवा चालतो की. कॉम्प्युटर असतील, सेन्सर असतील."

"असतील ना. पण दिव्याला भीती वाटत नाही, भाऊ. मागं घाबरणारा माणूस पाहिजे."

आता थंडीबद्दल. जानेवारी उजाडला तो दात विचकतच. सकाळी साडेआठलासुद्धा उणे सहा. पुलाच्या कठड्यावर दवाची पांढरी साय गोठलेली, रूळ पिठी भुरभुरल्यासारखे, आणि नदीवरून येणारी हवा अशी की नाक आहे की नाही हे चाचपून बघावं लागे. त्यात फोन थंडीनं मरतात. ऐन वेळी पडदा काळा. काकांनी यावर उपाय शोधला होता: फोन लोकरीच्या मोज्यात, मोजा काखेत, वर दोन स्वेटर आणि लेकीनं घेऊन दिलेला गुडघ्यापर्यंतचा कोट. गाडी पुलाखाली शिरली की हात गळ्यातून आत जायचा, अंगाशी बरीच झटापट चालायची आणि ऊबदार फोन बाहेर यायचा. उजव्या हातमोज्याची दोन बोटं त्यांनी कात्रीनं उडवली होती. "वैशूनं नवे आणलेले. ओरडली. म्हटलं, गार्डाचं बोट झाकून कसं चालेल?"

मी पाय आपटत नाचायचो. ते म्हणायचे, "नाचू नका. बुटातल्या बुटात अंगठे हलवा. बाहेरून कळलं नाही पाहिजे." हिवाळ्यात शेवटच्या उघड्यावाघड्या डब्यात रात्री काढलेल्या माणसाची ती विद्या होती. मी आजही वापरतो. कंपनीच्या कंटाळवाण्या मीटिंगमध्येसुद्धा.

पुलावर रोज एक आयरिश गृहस्थ कुत्रा घेऊन यायचे. काकांना इंग्रजी बेतानंच येई आणि त्या गृहस्थांचं इंग्रजी मलाही बेतानंच कळे. ते मला विचारायचे, "हाऊज युअर मॅन?" इकडे 'युअर मॅन' म्हणजे नुसता 'तो इसम'. मी मात्र काकांना चिडवायचो, "बघा काका, सगळं गाव तुम्हाला माझा माणूस म्हणतं."

"म्हणू द्या ना," काका म्हणायचे. "कोणाचा तरी असलेला बरा."

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता मी येतो.

मी नकलाकार माणूस. चार माणसं जमली की माझ्या अंगात येतं. साहेबाची नक्कल करतो, सासऱ्यांची करतो, विमानतळावरच्या पासपोर्टवाल्याची तर फर्माइश होते. त्या वर्षी मंडळाची संक्रांत ऑनलाइन होती. घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायची बंदी, तिळगूळ पडद्यावरूनच दाखवायचा, सगळे कंटाळलेले. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "काहीतरी धमाल करा हो, लोक मरगळलेत." मला एवढं पुष्कळ झालं.

मी गार्डकाका केले.

खोटं कशाला बोलू, मी ते अप्रतिम केले. माकडटोपी, तीन स्वेटर, झेंडी म्हणून ओटा पुसायचा हिरवा नॅपकिन. कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा राहिलो, अठरापर्यंत मोजलं, मग गळ्यातून हात घालून काखेतला फोन शोधायला लागलो आणि तो सापडेचना. दोन मिनिटं नुसता हात फिरतोय! पडद्यावरचे चाळीस चौकोन हसून गडबडा लोळत होते. कोणी डोळे पुसतंय, कोणी कॅमेऱ्याच्या बाहेर पडलंय. तिथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण हशा ही वाईट चीज आहे, तो पुढचं वाक्य मागतो. मी म्हणालो, "मंडळी, लग्नात सगळे नवरीचं तोंड बघतात. आमचे हे पाहुणे मागे उभे राहून तिची पाठ मोजतायत! अहो, पस्तीस वर्षं गाडीच्या मागे बसून बसून माणसाचं पुढचं सगळं राहूनच गेलं!"

बत्तीसची पस्तीस केली होती. पस्तीस कानाला बरं वाटतं म्हणून.

हशा ओसरला. तेवढ्यात वैशालीच्या नावाच्या काळ्या चौकोनाभोवती पिवळी चौकट उमटली. कोणीतरी बोलायला लागलं होतं. ती कामावर होती, हे मला माहीत होतं. तिनं जाण्यापूर्वी वडिलांना कार्यक्रम लावून दिला होता, हे माहीत नव्हतं.

"नमस्कार," काकांचा आवाज आला. "छान केलं, भाऊ. आवाज अगदी माझाच. फक्त एक चूक झाली. हिरवी झेंडी दाखवताना दुसऱ्या हातात लाल गुंडाळून तयार ठेवावी लागते. तुम्ही एकच घेतली होती." मग ते म्हणाले, "थांबवायची वेळ कधी येईल, सांगता येत नाही ना."

आणि तो चौकोन नाहीसा झाला.

मी माकडटोपीत. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "चला, आता हळदीकुंकवाची गाणी."

माझी बायको शेजारच्या खोलीत हे ऐकत होती. तिनं येऊन माझ्या हातातला नॅपकिन काढून घेतला आणि एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी जाऊन पाया पड."

गेलो. लाकडांच्या गाडीचा वार होता. मनातल्या मनात माफीचं भाषण रचलं होतं, चांगलं तीन परिच्छेदांचं. गाडी आली, गेली. पुलावर मी एकटा. वाटलं, थंडी फार आहे, म्हणून नसतील आले. दुसऱ्या गाडीलाही नव्हते. तिसऱ्या गाडीला कुत्रेवाले गृहस्थ माझ्याजवळ थांबले. "व्हेअर्स युअर मॅन?"

तुझा माणूस कुठे आहे?

पूर्वी ह्याच शब्दांवर मी विनोद करत होतो. "कोल्ड," मी म्हणालो. "टू कोल्ड फॉर हिम." त्या गृहस्थांनी माझ्याकडे असं पाहिलं, की याहून वाईट थंडीत आम्ही दोघांनी त्या माणसाला पाहिलंय, हे त्यांनी न बोलता सांगितलं. कुत्र्यानंसुद्धा तसंच पाहिलं.

संध्याकाळी वैशालीचा फोन आला. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

"दादा, बाबा पुलावर जात नाहीत हो. मला म्हणाले, लोक हसतात, तुझ्या मंडळात तुला खाली बघायला नको. मी म्हटलं, हसू देत. ऐकत नाहीत. मला लोकांचं काही नाही, पण तिकडे युसूफकाकांची पंचाईत झालीय."

"कोण युसूफकाका?"

मग कळलं. युसूफभाई हे काकांचे ड्रायव्हर. एकाच गाडीवर दोघांनी कित्येक वर्षं काढलेली, एक पुढच्या टोकाला, एक मागच्या. गेल्या उन्हाळ्यात ते घरात पडले, खुबा मोडला, तेव्हापासून भुसावळला खाटेवर. काका प्रत्येक गाडीचा फोटो काढत होते ते यांच्यासाठी. जन्मभर ज्याला इंजिनच दिसलं, त्याला गाडीची शेपूट दाखवायला. इकडून फोटो जायचा, खाली लिहिलेलं, "गाडी पूर्ण आहे." तिकडून उत्तर यायचं, "ऑल राइट." आमची सकाळ म्हणजे तिकडची दुपार. गाडीच्या दिवशी युसूफभाई तेव्हाच जेवायचे, उत्तर पाठवून झाल्यावर. सुनेनं आधी वाढलेलं ताट ते परत पाठवत. "सिग्नल मिळाल्याशिवाय गाडी हलवायची नाही," म्हणत.

"आता सूनबाईंचे मला फोन येतात," वैशाली म्हणाली. "दिवस दिवस खात नाहीत म्हणे. युसूफकाकांनी दोनदा विचारलं, गाडीला काय झालं?"

मी फोन ठेवला. माझी नक्कल चार मिनिटांची होती.

चौथ्या गाडीला मी निर्धारानं गेलो. मीच फोटो काढणार होतो. उणे सात. वारा असा की डोळ्यांतलं पाणी गालावर यायच्या आत गार. उलट्या कठड्याला छाती लावून उभा राहिलो, लोखंडाचा गारठा कोटातून बरगड्यांत शिरला, अंगठे हलवले. गाडी पायाखाली आली. मी मोजायला लागलो, नवावर चुकलो. फोन बाहेर काढला तर पडदा काळा. खिशात ठेवला होता ना! काखेत ठेवायला मला लाज वाटली होती. चाळीस माणसांसमोर जी गोष्ट मी झोकात केली, ती पुलावर एकट्यानं करायला मला लाज वाटली. लाल दिवा लुकलुकत वळणापलीकडे गेला, आणि मी तिथे मेलेला फोन धरून उभा.

पुढच्या गाडीला मोजा, काख, सगळं रीतसर केलं. फोटो मिळाला. तसाच काकांच्या घरी गेलो. कोणाच्या घरात जायची परवानगी नव्हती, म्हणून फाटकाशी उभा राहून हाक मारली. काका दारात आले, अंगावर शाल. मी भाषण विसरलो. नुसता फोन लांब धरला.

"काका, गाडी. पूर्ण आहे. वीस डबे. युसूफभाईंना पाठवा."

त्यांनी चष्मा लावला, फाटकापर्यंत आले, फोटो नीट पाहिला. "चांगला आलाय. दिवा दिसतोय."

"मग पाठवू?"

"नाही."

"काका, माझं चुकलं. मी..."

"नक्कल चांगली होती, भाऊ. त्याचं काही नाही." ते खरंच असं म्हणाले, आणि ते खरं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. "पण ही गाडी तुम्ही पाहिली. मी नाही पाहिली. मी न पाहिलेल्या गाडीला पूर्ण आहे म्हणून कसं सांगू? त्यानं माझ्या भरवशावर गाडी चालवलीय."

मी परत फिरलो, तेव्हा मागून आवाज आला, "पुढची कधीये? सोमवारी ना? कंटेनरची."

सोमवारी काका पुलावर होते. माकडटोपी, कोट, दोन बोटं उघडी. माझ्याकडे न बघता म्हणाले, "अंगठे हलवा." गाडी आली, गेली. खट्. फोटो गेला. उत्तराऐवजी फोनच वाजला. युसूफभाई स्वतः.

काकांनी फोन मोठ्यानं ऐकू येईल असा केला. गार बोटांना तो कानाशी धरवत नव्हता. पलीकडून खणखणीत आवाज, "काय गार्डसाहेब! निघाला का बर्फ? लाइन मोकळी झाली?"

काका बुटांकडे बघायला लागले.

"अरे, नऊ दिवस! किती पडला रे बर्फ? सांग तरी. हमने तो कभी देखा नहीं."

मी काकांकडे पाहिलं. वॉटरफोर्डला त्या जानेवारीत कडाक्याची थंडी होती, दव गोठत होतं, पण रूळ झाकील असा बर्फ एक दिवसही पडला नव्हता. एकही गाडी थांबली नव्हती. मग कळलं, की नऊ दिवस गाडी का नाही, याचं काहीतरी कारण युसूफभाईंना द्यायला हवं होतं. 'एका माणसानं माझी चेष्टा केली म्हणून मी गेलो नाही' हे काकांनी सांगितलं नव्हतं. मला वाचवायला त्यांनी आयर्लंडवर बर्फ पाडला होता.

आणि आता तो बर्फ त्यांना पुढे रेटता येत नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी फोन माझ्यापुढे धरला. "हे आमचे मित्र आहेत. इथलेच. यांना विचार."

आयुष्यात इतक्या नकला केल्या, पण त्या दिवशीसारखी भीती कधी वाटली नाही. एक प्रेक्षक भुसावळला खाटेवर, दुसरा माझ्यासमोर बुटांकडे बघत उभा. मी सुरू झालो. "काय सांगू युसूफभाई! गुडघ्यापर्यंत बर्फ! रूळ कुठे, रस्ता कुठे, नदी कुठे, काही कळेना. स्टेशनमास्तर स्वतः फावडं घेऊन उतरला. इथे एक गृहस्थ कुत्रा घेऊन येतात, त्या कुत्र्याचे नुसते कान दिसत होते बर्फातून, त्यावरून शोधून काढला!" युसूफभाई हसत होते, खोकत होते, पुन्हा हसत होते. मागून सुनेचा आवाज आला, "अब्बा, जेवण."

"थांब गं. और हमारा गार्ड? तो काय करत होता एवढ्या बर्फात?"

पुलाच्या कठड्यावर काकांच्या उघड्या बोटांचे दोन ठसे होते, पांढऱ्या दवावर ओले. मी त्यांच्याकडे बघत म्हणालो, "ते रोज येऊन उभे राहत होते. गाडी येते का बघत."

"ते मला माहीत होतं," युसूफभाई म्हणाले. "चला. ऑल राइट."

फोन बंद झाला. काकांनी तो मोज्यात घातला, मोजा काखेत.

"बर्फ जरा जास्त पाडलात, भाऊ."

"हो, काका."

"बत्तीस वर्षांत खोटं कधी कळवलं नव्हतं त्याला." एवढंच. चिडून नाही, हिशेब चुकता करण्यासाठी नाही. एखादी वस्तू हरवल्याचं सांगावं तसं. ती वस्तू माझ्यामुळे हरवली होती आणि मी ती कुठूनही आणून देऊ शकत नव्हतो.

पुढे विमानं सुरू झाली आणि काका निघाले. दारात टॅक्सी उभी होती. वैशाली सामान ठेवत होती. काका आग्रहानं मागच्या सीटवर बसले. मी फुटपाथवर उभा राहून ओटा पुसायचा तो हिरवा नॅपकिन उंच धरला. काच खाली झाली, माकडटोपीविना त्यांचं डोकं बाहेर आलं.

"लाल कुठाय?"

मी दुसरा हात पुढे केला. बायकोचा लाल मफलर, घट्ट गुंडाळलेला.

"असू द्या हातात," काका म्हणाले. काच वर गेली. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी तिच्या मागच्या दिव्यांकडे बघत राहिलो.

आजही मंडळात संक्रांत आली, की कोणीतरी नवीन, ज्याला काही माहीत नाही, आग्रह करतं, "दादा, तुमचा तो गार्ड म्हणे फार भारी आहे. करा ना एकदा!" जुने लोक खाली बघतात. मी हसून हात जोडतो.

"नाही जमायचं," मी सांगतो. "बर्फ पडलाय. लाइन बंद आहे."